परतीचा खण

मागचं दार उघडलं की बास्केटबॉल संपतो.
आत ट्रान्सफॉर्मर, धूळ, कुणाचं तरी वाळलेलं च्युइंगम
आणि वायरी. लाल, पिवळ्या, एक निळी, ती मी जोडलेली,
सातपूरच्या आयटीआयत शिकले तशी, पीळ देऊन, टेप गुंडाळून.

कॉलेज रोडच्या या दुसऱ्या मजल्यावर
मी दहाला येते. गिऱ्हाईक अकराला.
मधला तास मशीन माझं.

पितळी टोकन फटीतून आत घरंगळतं.
छोट्याशा उतारावर त्याची परीक्षा होते,
जाडीची, घेराची,
आणि वाटेत एक लोहचुंबक बसलेलं असतं
जकात नाक्यावरच्या कारकुनासारखं:
लोखंड आलं की धरायचं,
पितळ आलं की पाहून न पाहिल्यासारखं करायचं.
मग टोकन एका पात्यावर पडतं. टक्.
तेवढ्या टक्‌वर सगळा खेळ.
फळी खाली जाते, चेंडू धडाधडा हाताशी येतात,
पंचेचाळीसपासून आकडे उलटे पळायला लागतात.

रिंगखाली एक किरण आहे, न दिसणारा.
चेंडू पडतो, किरण तुटतो, दोन गुण.
मशीनला चेंडू कळत नाही.
पापणी लवेल एवढा अंधार कळतो.
मी हात घालून पाहिलाय,
हातालाही दोन गुण मिळतात.

लोक म्हणतात रिंग लहान आहे. आहेच.
चेंडूही लहान आहे, ते कुणी बोलत नाही.
शेवटच्या दहा सेकंदांत रिंग मागेपुढे सरकते,
दुसाने सर म्हणतात, धंदा तिथेच आहे,
थोडक्यात हुकलं असं वाटलं पाहिजे.
तो वेग एका स्क्रूवर आहे.
पाव आटा डावीकडे,
आणि एखाद्या बापाची लेकीसमोर लाज राहते.

माझे वडील नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात होते.
जन्मभर ताव मोजले. सुटताना रोज झडती,
खिशात निघायची बडीशेप.
एकदा इथे आले, टोकन उलटसुलट करून पाहिलं,
म्हणाले, यावर राजमुद्रा कुठाय?
म्हटलं, नाही. कोंबडा आहे.
त्यांनी ते चटका बसल्यासारखं परत दिलं.

लखन आला तो मंगळवार होता, गर्दी नव्हती.
अकरा-बारा वर्षांचा, पंचवटीतून चालत आलेला,
केस ओले, चपला हातात.
काउंटर त्याला दिसलाच नाही. सरळ फटीत नाणं.
आत काही हललं नाही.
मी बटण दाबलं, नाणं खळ्‌कन परतीच्या खणात.
त्याने दुसरं टाकलं. मग पाचाचं. मग परत पहिलंच.
नाण्यांना शेवाळाचा वास, एकाच्या कडेला कुंकू बसलेलं.

"खरी आहेत," तो म्हणाला. "रामकुंडातली.
मी स्वतः काढलीत."
खिशातून दोरी काढली,
टोकाला जुन्या स्पीकरचं गोल चुंबक.
"बघा ना, सगळी चिकटतात."

म्हणूनच तर, असं ओठावर आलं होतं.
नदीत जे तुला देतं तेच इथे...
पण ते भाषण झालं असतं, आणि त्याला भूक लागलेली दिसत होती.

मी मागचं दार उघडलं.
त्याचं बोट धरून पात्यावर टेकवलं.
टक्.
पुढे चेंडू कोसळले, भोंगा वाजला, दिवे नाचले.
तो गेलाच नाही तिकडे.
वाकून आतलं चुंबक न्याहाळत राहिला,
नखाएवढं, काळं.
चव्वेचाळीस, त्रेचाळीस...
"हे पाण्यात किती खोल चालेल?"

पुढच्या महिन्यात कार्डं येणार आहेत, घासायची.
चारी मशीनची नाण्यांची पेटी भंगारात जाईल.
दुसाने सरांनी तसं लिहूनही घेतलंय.

म्हटलं, एकतीस तारखेला ये. दहाला, अकराला नाही.
समोर पाटीवर शून्य लुकलुकत होतं.
मी चेंडू गोळा करायला वाकले, सातवा सापडेना.
तो त्याने काखेत धरला होता,
मी मागेपर्यंत.