एक लिटर पाणी

घनमीटर, किलो, युनिट.
मापं तीन, चहा एकच.
पाइपगॅसवाला फॉर्म ठेवून गेला
तेव्हापासून टेबलावर जेवायला जागा नाही.

बावीस वर्षं अंबडच्या कारखान्यात
मी बेअरिंगचे व्यास मोजले.
कुणी नुसतं ‘स्वस्त पडतं’ म्हणालं
की तोंडात येतंच:
कितीने? आणि कशाने मोजलंत?

म्हणून रविवारी पहाटे प्रयोग.
तेच पातेलं, तेच झाकण, एक लिटर पाणी.
पाथर्डी फाट्याला जानेवारीत
नळातून पाणी चावत बाहेर येतं.
लेकीच्या शाळेतला थर्मामीटर बुडवला:
अकरा अंश.

आधी इंडक्शन.
फ्रिज बंद, गिझर बंद, अवधूत अंथरुणात.
मीटर खाली जिन्याजवळ.
चार मजले उतरून आकडा टिपला,
चढून बटण दाबलं,
उकळी आली, परत खाली.
माझ्या धापेचा दर कुठल्याच पत्रकात नाही.
तळमजल्याच्या बोरस्तेबाई दारात:
“मीटर बंद पडलं का हो?”
“नाही, पाणी उकळलं.”
त्यांनी दार अलगद लावून घेतलं.

मग सिलिंडर.
रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून आणलेला,
पण एका पातेल्याएवढा गॅस गेला
हे त्याच्या गावीही नाही.
तेव्हा जुनी कॅलेंडरं काढली.
नवा लावला की तारखेवर पेन्सिलीने गोल,
अकरा वर्षांची सवय.
दिवाळीत सव्वीस दिवस.
दीर-जाऊ राहायला होते तेव्हा एकोणीस.
अवधूतचं ऑपरेशन: चौपन्न,
डबा तेव्हा माझ्या बहिणीकडून यायचा.
लेक पुण्याला गेली त्या जूनपासून
गोल लांब लांब होत गेलेत.
मी दर शोधत होते.
बराच वेळ पेन्सिल हातातच राहिली.

सोमवारी भिका आहेर आला,
खांद्यावरचं लाल ओझं दारात टेकवून म्हणाला,
“लावून घ्या ताई पाइप. माझं काय?
माझ्या गुडघ्यांनी कधीच फॉर्म भरलाय.”
पाणी प्यायला, दोन ग्लास.
ते मी मोजलं नाही.

राहिला पाइप.
तो शेजारच्या इमारतीत थेटेवहिनींकडे आहे.
झाकलेलं पातेलं, थर्मामीटर, वही घेऊन
मी रस्ता ओलांडला.
वाटेत कुणीकुणी विचारलं, कुणाकडे बारसं?
ओट्यापाशी पोचेपर्यंत पाणी चौदा अंशांवर.
तीन अंशांची सूट. प्रयोग बाद.

मी हे समजावून सांगत होते
तोवर वहिनींनी पातेल्यात साखर टाकली,
वर आलं किसलं.
“बिल किती येतं?”
“येतं की दोन महिन्यांनी. हे भरतात.”
मी वाकून ओट्याखालचं मीटर बघितलं.
शेवटचे लाल आकडे सावकाश सरकत होते,
आमच्या चहासाठी.

साखर जरा जास्त होती.
फॉर्म अजून टेबलावर आहे,
त्यावर काल भाजीचं भांडं ठेवलं.