बॉनेट, पश्चिमेकडे जाताना

त्रेलेवला जाताना ते गप्प असतं.
गाडी रिकामी, वारा पाठीशी,
आणि बॉनेट कसं, तर चर्चमध्ये पुढच्या बाकावर
मांडीवर हात ठेवून बसलेलं.

परतताना मात्र,
मागे अंड्यांचे चाळीस ट्रे, पीठ, येर्बा, दोन सिलिंडर,
दोलावोन मागे पडलं,
काटा शंभरावर, मग एकशे दहावर,
आणि समोरून डोंगरावरून सुटलेला तो,
की याच्या कानात वारं शिरतं.
आधी डावा कोपरा. मग मधोमध
पत्र्याला पोट सुटतं, जातं, सुटतं.
फडफड नाही म्हणता येणार.
ताप चढत असताना पोराची हनुवटी बघा, तशी.

त्रेलेवच्या गॅरेजातला पोरगा
त्यावर दोन थापा मारतो,
“घट्ट आहे की, सेन्योरा.”
घट्टच असणार. दाताच्या डॉक्टरसमोर
दात कधी दुखलाय कुणाचा?

ओस्वाल्दोचं काय झालं ते मला ठाऊक आहे.
लास प्लुमासच्या अलीकडे त्याचं बॉनेट
उभंच राहिलं, काचेवर आपटलं.
खाली उरलेल्या चार बोटं फटीतून
रस्ता बघत बघत त्यानं गाडी कडेला घेतली.
उतरला, आधी लघवीला गेला, मग रडला.
हे तो स्वतःच सांगतो, लग्नाकार्यात.
दर लग्नाला फट एका बोटानं कमी होते.

म्हणून मी नव्वदीनं यायचे.
नव्वदीनं आलं की घर एक तास लांब जातं.

आंतिनाओचं वर्कशॉप पूल ओलांडल्यावर.
त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
कुंपणाच्या काटेरी तारेला मेंढ्यांनी सोडलेली लोकर होती,
ती ओरबाडून आणली, मांडीवर वळली,
बोटभर धागे केले
आणि चिकटपट्टीनं लावले तीन रांगांत.
शेजारी येऊन बसला. “पळव.”

मधल्या रांगा काचेकडे लोळत होत्या, सुस्त.
पण दिव्यांच्या वरचे, अगदी पुढच्या कडेचे,
ते उभे राहून आत डोकावत होते
शेजारच्या घरात भांडण लागल्यासारखे.
एकशे सातला त्यातले दोन
फटीत गडप झाले.
“इथनं शिरतो,” आंतिनाओ म्हणाला.
दिवसभरात तो एवढंच बोलला असावा.

मग लॅचचा आकडा दोन आटे खाली.
कोपऱ्यातलं रबरी बटण
उजवीकडे होतं, डावीकडचं कधीच गळून गेलेलं.
तिथं नवं बसवलं, अर्धा अर्धा फेरा देत वर काढलं,
बंद होताना पत्रा कुरकुरू लागेपर्यंत.
पुढच्या कडेला काळी पट्टी,
माद्रिनच्या कुणा पाणबुड्याच्या फाटक्या सुटाची.
तिला अजून समुद्राचा वास होता,
समुद्रापासून इतक्या लांब.
वरून पिना मारू या का, मी विचारलं.
“त्या रेसवाल्यांना. तू अंडी नेतेस.”
पैसे सांगितले. वर एक ट्रे ठेवून घेतला.

एकशे पंधरा. हललं नाही.
आणि मग ऐकू आलं :
दाराचं हँडल, राखेचा डबा, सीटखालचा पाना,
मागची सिलिंडरं एकमेकींना काहीबाही सांगतायत.
सगळी गाडीच बडबडी निघाली.
इतकी वर्षं बॉनेट एकटं बदनाम.

नाक्यावर पोलिसानं हात दाखवला. हे काय?
लोकर.
लोकर कशाला?
वारा बघायला.
त्यानं चौकीवरच्या
निम्म्या उरलेल्या झेंड्याकडे पाहिलं
आणि जाऊ दिलं.

धागे एकेक करून गेले. एक राहिलाय,
उजवीकडे, वरच्या रांगेतला.
सकाळी दुकानाचं दार उघडताना
आधी त्याच्याकडे नजर जाते.
तो पूर्वेला बोट दाखवत असतो, बहुतेक.
वर्षातून चारसहा दिवस
नुसताच लोंबतो.
त्या दिवशी मी दार उघडून तशीच उभी राहते,
हात कुठे ठेवावेत कळत नाही.