उघडल्याची तारीख

पस्तीस अंशांना उकळतं ईथर.
हे पुस्तकात लिहिणाऱ्याच्या गावी बर्फ पडत असणार.
आमच्याकडे मे महिन्यात, अमरावती रोडवर, दुपारी दोनला
कूलरच्या टाकीतलं पाणीसुद्धा चहाला चालेल असं होतं
आणि ईथर झाकणाखाली धुसफुसत बसतं
लग्नात मान न मिळालेल्या जावयासारखं.

शालिकभाऊ बारापात्रे म्हणायचे,
"याची वाफ वर नाही जात मॅडम.
टेबलावरून उतरते, फरशीवरून सरपटते,
त्या टोकाले कोणी बर्नर पेटवला
त अंधारात जाऊन त्याले भेटते.
मंग आली त्याच वाटेनं आग वापस येते."

सेफ्टीवर भाषण असं त्यांनी कधी दिलं नाही.
साध्या फ्रीजच्या दारावर खडूनं फुली मारली,
खाली लिहिलं: आत ठिणगी पडते.
आणि प्रत्येक बाटलीला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी,
तिच्यावर दोन शब्द, आली आणि उघडली.
बापाच्या मागावर धागे मोजत वाढलेले डोळे,
एक तारीख चुकली तरी त्यांना दिसायची.

"तारीख टाकली काय?" त्या संध्याकाळी विचारलं त्यांनी.
मला सहाची बस गाठायची होती.
"टाकली," मी म्हटलं.

नऊ वर्षं.
माझ्या नावाआधी आता डॉक्टर लागतं.
लॅबला नवं फर्निचर आलं, आणि मागचं एक कपाट,
ज्याची किल्ली शालिकभाऊंच्या रिटायरमेंटपासून सापडत नव्हती,
ते इम्तियाजनं पटाशीनं उघडलं.

तपकिरी बाटली.
उघडली, आणि पुढे कोरी पट्टी.
झाकणाच्या कडेला पांढरे बारीक काटे,
माठाला बाहेरून फुटतात तसे.
"खार चढलाय," इम्तियाज म्हणाला, "पकडीनं फिरवतो."

जो आवाज निघाला तो माझा आहे
हे मला नंतर कळलं.
हात मागे घे. हळू.
पकड कुठे ठेवू नकोस, हातातच राहू दे.
ये. चालत ये.

हवा पीत, उजेड पीत बसतं ते वर्षानुवर्षं
आणि आत जे साचतं
त्याला झाकणाचा एक आटा फिरलेला पुरतो.
हलवायचं नाही. उघडून बघायचं नाही.
शहाणपणा करून बेसिनमध्ये ओतायचं तर नाहीच.
दिवे होते तसे ठेवले, दार लोटलं,
अख्खा मजला कडुनिंबाखाली आणून उभा केला
आणि फोन केला.

पथकातल्या साहेबांकडे छापील फॉर्म होता.
"शेवटची कोणी उघडली?"
"लेबलवर नाही," मी म्हटलं.
खरंच नव्हतं.

संध्याकाळी गावाबाहेरच्या उघड्या माळावर
त्यांनी ती वाळूत ठेवून उडवली.
मी गेले नव्हते. कोणीतरी व्हिडिओ दाखवला:
एक टाळी, आणि मग बगळे.

रात्री शालिकभाऊंना फोन लावला, पारडीला, लेकाकडे.
"भाऊ, ते मागचं कपाट..."
"किल्ली हरवली नोयती," ते म्हणाले.
"तीन अर्ज देल्ले म्या साहेबाले. बाटली घेऊन जा म्हणलं.
कोणी आलं नाही. मंग कुलूप घातलं."
पलीकडे पंखा कुरकुरत होता.
"अर्जात तुमचं नाव नोयतं टाकलं.
नवीन पोरगी होत्या तुमी."
मग थोडं थांबून,
"टाकायले पायजे होतं खरं म्हणजे."

सकाळी ऑफिसात जाऊन तो फॉर्म मागवला.
रकाना कोराच होता. नाव लिहिलं.
तारीख काही केल्या आठवेना.
शालिकभाऊंच्या गळ्यात मफलर होता,
खिडकी बंद होती,
एवढं आठवत होतं.
तेवढंच लिहिलं,
हिवाळा,
आणि खाली सही.