मथुरा तांबटची वही

वाचनालयाच्या पोटमाळ्यावर
नोंदी घेताना हाती आली:
डावीकडून उघडली तर मोडी,
उजवीकडून उघडली तर अरबी.
अक्षर एकाच बाईचं.

नाशकाच्या तांबट आळीतली मथुरा.
हातोड्यांच्या गोंगाटात
ओठ हलवत वाचायला शिकली,
मग पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून
दगडातली अक्षरं ओल्या कागदावर उतरवायला.
तिथं कुणा यवनाचं दान कोरलेलं.
हा आला कुठल्या वाटेनं, तिनं विचारलं.
कुणाला ठाऊक नव्हतं,
म्हणून स्वतःच निघाली.

एडन. मग उंटावरून अकरा दिवस, हद्रामौत.
'नवरा कुठंय?' प्रत्येक वेशीवर तेच.
'कागद ओले आहेत, आधी सावली द्या.'

एका तंबूत शेखनं कॉफी ओतली.
तिनं रिकामं भांडं उलटं केलं,
नखानं वाजवून पाहिलं:
'मठार नीट बसलेला नाही.'
पुढच्या दोन खोऱ्यांची वाट
त्या एका वाक्यावर मोकळी झाली.

मोडीत खर्च: खजूर, रॉकेल, उंटवाल्याला आगाऊ,
तापाच्या गोळ्या (संपल्या).
अरबीत शिलालेख,
आणि विहिरीवरच्या बायकांनी सांगितलेली
सापाच्या विषावरची सतरा नावं.
दोन्ही लिप्या एकमेकींकडे चालत येतात
आणि मधल्या पानावर तीनच शब्द,
दोन्हींत लिहिलेले:
हिशेब. हवा. मुक्काम.
खाली पेन्सिलीनं, 'हे तर घरचेच.'

पहिलं पान कुठलं, असा रकाना
आमच्या नोंदपुस्तकात नाही.
मी एवढंच लिहिलं:
स्थिती बरी. शिवण सैल.
उघडताना वाळू सांडते.