जेल रोडवर काच लावते

इंदुरात जेल रोड म्हटलं की
जेल कुणाला आठवत नाही.
कव्हर, चार्जर, इयरफोन, साठ रुपयांत काच.
मी ती काच लावते.
आधी ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्याने,
श्वास रोखून एका कडेने सोडून द्यायची,
ती आपली आपण पसरत जाते, पाण्यासारखी.
बुडबुडा राहिला तर गिऱ्हाईक परत येतं.

दुसरी काच भिंतीपलीकडे होती.
तिच्यावर बोटांचे डाग, कुंकवाचा एक ठिपका,
कुणाच्या तरी बाळाच्या नाकाचा ठसा.
पंधरा दिवसांतून वीस मिनिटं
रिसिव्हरमधून बाबांचा आवाज,
पिठाच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा.
पाच वर्षांची होते तेव्हा खालून
नुसती त्यांची हनुवटी दिसायची.
सोळाव्या वर्षी कळलं,
ते माझ्याहून बुटके आहेत.

दारावर कुणी आलं की आई म्हणायची,
"ते आत आहेत."
अकरा वर्षांत एकदाही खोटं बोलली नाही ती.
वसुलीवाला चपला काढून बसायचा,
वाट बघायचा, पाणी पिऊन जायचा.
पाटणीपुऱ्यात ज्यांना कळायचं
त्यांना कळायचं.

त्र्यंबक पांचाळ, धंदा सुतारकी.
शेठच्या कपाटाची बिजागरी त्यांनीच बसवलेली.
तीन दिवसांनी कपाट फोडलं कुणीतरी,
शेठचा म्हातारा नोकर मेला,
आणि फळीवर बोट सापडलं.
"माझंच आहे साहेब," बाबा म्हणाले,
"काम केलं तर बोट लागणारच."
पहिलं वाक्य लिहून घेतलं.
दुसऱ्याला कागद पुरला नसावा.

वरच्या कोर्टाने सोडलं तेव्हा निकालात शब्द होते,
संशयाचा फायदा.
आईने विचारलं, "फायदा म्हणजे किती मिळणार?"
वकील हसले.
मग हसायचे थांबले.

घरी आल्यापासून पलंगाच्या वीतभर कडेवर झोपतात.
बराकीत कूस बदलायची तर
अख्ख्या रांगेने मिळून बदलायची,
अंधारात कुणीतरी हळू म्हणायचं, "वळा."
परवा मध्यरात्री झोपेतच बाबा म्हणाले, "वळा,"
आणि आई वळली.

त्यांच्या डाव्या अंगाला लच्छू भिलाला होता,
अलीराजपुराकडचा.
त्याचा जामीन होऊन दोन वर्षं झाली.
जमिनीची पावती असलेला एक माणूस हवा
सही करायला.
तेवढा एक माणूस नाही.
बाबा जेवता जेवता मध्येच थांबतात,
"आता त्याच्या बाजूला कोण असेल गं?"
असेल कुणीतरी.
तिथे जागा रिकामी राहत नाही.

सोमवारी रेशनच्या दुकानात
मशीनने त्यांचं बोट घेतलं नाही.
अंगठा, तर्जनी, दुसरा हात.
आत सतरंज्या विणून विणून
रेघा झिजून गेल्यात.
दुकानदार वाईट नाही, कपाळ खाजवत म्हणाला,
"काका, ह्या बोटाचा माणूसच नाही."
बाबांनी बोट बल्बपाशी नेऊन
उलटसुलट पाहिलं.
रिकामी पिशवी नीट चौघडी करून खिशात ठेवली.

काल एक जुना फोन त्यांच्यासाठी खोलून जोडला,
दुकानातच, स्टुलावर बसवून त्यांना.
काच लावली. बुडबुडा नाही.
"बोट ठेवा," म्हटलं. ठेवलं.
"उचला." उचललं.
पडद्यावरचं वर्तुळ भरेना.
ठेवा. उचला. ठेवा.
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं,
त्याला निळंच कव्हर हवं होतं,
मग सुट्ट्याची घासाघीस,
रस्त्यावर कुणाचा तरी हॉर्न.

वळून पाहते तर
बाबा अजून ठेवताहेत, उचलताहेत,
ठेवताहेत,
मान खाली घालून,
कुणीतरी बस म्हणेपर्यंत.