उपस्थिती: एक

हळदीच्या वखारीवरची खोली, सांगलीत,
ही आमची मुख्य शाखा.
जिना चढतानाच शिंका सुरू व्हायच्या.
नव्या पोराच्या हातात मेणबत्ती देऊन
फादर अल्बान लॅटिन प्रार्थना म्हणत,
ती आमेनपर्यंत पोचायच्या आत
निम्मी खोली शिंकलेली असे.
देव बरं करो, म्हणायचे फादर,
झाला तुझा शपथविधी.

संत योसेफ विद्यार्थी बंधुमंडळ.
घरमालक विचारी, शाखा? कुठली? पहाटे उठता का?
नाही काका, आम्ही रविवारीसुद्धा
दुसऱ्या मिस्साला जातो.

मी सरचिटणीस, सायमन अल्हाट,
बी. कॉम. दुसरं वर्ष, अक्षर बरं म्हणून निवडलेला.
सगळ्या शाखांची रजिस्टरं माझ्या ट्रंकेत.

मिरजेची सगळी मेडिकलची.
त्यांचं इतिवृत्त म्हणजे रक्तगटांची यादी
आणि खाली एक ओळ:
अध्यक्ष ड्युटीवर, चर्चा तहकूब.

साताऱ्याची शाखा कॅरमवरून फुटली.
बोर्ड वसईकरांचा की नगरकरांचा,
यात दोन उन्हाळे गेले.
बोर्ड एका खोलीत, स्ट्रायकर दुसरीत,
आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला
दोन्ही बाजू एकमेकांच्या सद्बुद्धीसाठी
वेगवेगळ्या माळा जपताहेत.

इस्लामपूरची शाखा म्हणजे इनास तुस्कानो.
बाकीचे पास होऊन गेले,
हा मेकॅनिकलच्या एका विषयासकट उरला.
दर शुक्रवारी एसटीच्या कंडक्टरबरोबर
त्याचा कागद यायचा.

उपस्थिती: एक. कोरम पूर्ण.
मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम.
अध्यक्षांनी सदस्यांचे आभार मानले.
चहापान.

आम्ही मोठ्यांदा वाचायचो, हसून लोळायचो.
एका शुक्रवारी वाचणारा मध्येच थांबला.
आयत्या वेळचा विषय: आईचे ऑपरेशन.
सभेने उभे राहून प्रार्थना केली.
ठराव एकमताने मंजूर.

तेव्हा ठरलं, ही शाखा बंद करू,
त्याला सांगलीत आणू.
नियम सातचा आधार होता, शिक्का होता.
कागद खिशात घालून
मी आष्ट्यावरून उभ्याने गेलो.

दार उघडंच. बाहेर अजून ऊन,
आणि आत मेणबत्ती पेटलेली.
एक डबा, दोन ताटं.
दिवस मावळायच्या आत जेवणारा एक पोरगा
पाटावर रजिस्टर ठेवून लिहीत होता.
त्याच्यासाठी सभा अलीकडे घेतलेली.
धन्यकुमार मगदूम, बोरगावचा.
त्याच्या वळणदार अक्षरात, उपस्थिती: दोन.

मी नियम तीन काढला.
सदस्याचा बाप्तिस्मा झालेला असावा.
इनास भाकरीचा तुकडा नुसताच मोडत राहिला.
धन्यकुमार म्हणाला, त्याला काय लागतं?
म्हटलं, डोक्यावर पाणी.
तो म्हणाला, गेल्या साली कृष्णा
आमच्या माडीला लागली.
म्हशीच्या शेपटाला धरून बाहेर निघालो,
तीनदा डोकं खाली गेलं.
चालंल का?

इनास असा हसला की मेणबत्ती विझली.
मी पण हसलो. मग शिंकलो,
शर्टात वखार होतीच.
तिसरं ताट नव्हतं,
मी डब्याच्या झाकणात जेवलो.

परतीच्या गाडीत ठरावाच्या पाठीमागे लिहिलं,
इस्लामपूर. उपस्थिती: तीन.
फादरनी ते दिव्याखाली वाचलं,
चष्मा काढून झग्याला पुसला.
कितीदा बुडाला म्हणालास?
तीनदा.
मग नोंद कर की, थांबलास कशाला.

आता मंडळ नाही. वखारीवर
मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे,
तिथं कुणी शिंकत नाही.
माझ्या ट्रंकेला कुलूप लागत नाही,
रजिस्टरांच्या कडा पिवळ्या,
त्यातलं वय किती अन् हळद किती
सांगता येत नाही.

आणि साताऱ्याचा स्ट्रायकर
अजून कुणी परत केलेला नाही.