यती

गेल्या नोव्हेंबरपासून क्लिफर्ड हेथॉर्नचा उजवा हात
स्वतःचंच काहीतरी पाठवू लागला.
एचच्या चार टिंबांमागून पाचवं निसटायचं,
अक्षराचा आकडा व्हायचा,
आणि तिकडे नॉर्वेत, वार्डोला, आयविन विचारायचा:
पुन्हा पाठव.
पुन्हा.
हात टेकले, ह्याला इंग्रजीत काय म्हणतात मला आठवेना,
पण त्याने तेच केलं,
पितळी कीच्या दोन बाजूंना, दोन्ही, पालथे.

मी शेजारीण. ब्लॅकपूलच्या इस्पितळात
ईसीजीची यंत्रं दुरुस्त करते;
थरथर आणि ठोका वेगळा काढायचा, त्याचाच पगार.
तर खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत
एक चिप, नऊ व्होल्टची बॅटरी, वेगाची खुंटी,
आणि बाहेर दोन पात्यांचं पॅडल.
अंगठा दाबला की टिंबं, तर्जनी दाबली की रेघा,
दोन्ही चिमटीत धरली, मीठ धरावं तशी,
तर आळीपाळीने, टिंब रेघ टिंब रेघ,
सोडेपर्यंत.
फट जरा रुंद ठेवली, स्प्रिंग घट्ट,
थरथर वाटेतच दमावी म्हणून.

म्हटलं, आमच्याकडे लघु एका मात्रेचा,
गुरू दोन मात्रांचा.
तो म्हणाला, इथे तीन.
म्हटलं, महागाई.
हसला नाही. आइसलँडच्या पाण्यात ट्रॉलरवर
एकोणीस वर्षं की बडवलेला माणूस,
त्याला ही डबी म्हणजे दुसऱ्याची कवळी.

गुरुवार, रात्री साडेनऊ, ऐंशी मीटर.
टिंबं निघाली निवडलेल्या साबुदाण्यासारखी,
रेघा फूटपट्टीने आखलेल्या.
क्लिफर्ड स्वतःला ऐकत होता,
पासपोर्टावरचा आपला फोटो आपण बघतो तसा.
मग आयविनचं उत्तर, सावकाश,
जुन्या कीवरचं, सर्दी झाल्यासारखं:
कोण आहे तिथे?
हा हात क्लिफचा नाही.

खोलीत फक्त हीटर,
आणि हेडफोनमधून सांडणारी खरखर.
मी खुंटीकडे हात नेला, तर म्हणाला, थांब,
आणि आपल्या गावाचं नाव पाठवलं:

फ्लीट

वुड.

मधली ती जागा.
नंतर कधीतरी चहा ओतताना सांगितलं त्याने,
बोट कलली की खुर्ची घसरायची,
लाट जाईपर्यंत थांबायचं, मग पुढचं अक्षर.
लाट कुठेही यायची,
पण गावाच्या नावात ती नेहमी तिथेच यायची, का कोण जाणे.
बोट ब्याऐंशी साली मोडीत निघाली.

लघु देते डबी, गुरूही देते, घड्याळ लावून.
दोन शब्दांमधलं तिच्या हिशेबात नाही,
तिथे चिमूट सुटलेली असते.
शाळेत वृत्तं शिकवताना पेंडसेबाई
फळ्यावर लघुगुरू मांडत यायच्या
आणि यतीपाशी खडू उचलून
क्षणभर खिडकीबाहेर बघायच्या.
मला वाटायचं, विसरल्या.

वार्डोहून लगेच:
अच्छा, तू होय. कंबर कशी आहे?

मग पाऊण तास कंबर, कॉडचा भाव,
आयविनच्या सुनेने आणलेला कुत्रा, जो फक्त रेडिओवर भुंकतो.
शेवटी त्र्याहत्तर, म्हणजे शुभेच्छा,
तिकडूनही त्र्याहत्तर,
आणि निरोपाची दोन सुटी टिंबं,
जाता जाता दारावर टकटक करावी तशी.
तेवढी मात्र त्याने डबी बाजूला सारून
पितळी कीवर दिली.

तीन झाली.

आयविनने थोडं थांबून
तीनच परत केली.